चौथी पायरी

रविवार, ३ मार्च

आज पालोबाची एक पायरी काढून घेतली. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो.

ही दैनंदिनी कधी चुकून कुणाच्या हाती पडली तर त्याला वाटायचं, पालोबा म्हणजे कुणी भाडेकरू आहे. तसं नाही. माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. वर माळा आहे, तिथे पट्ट्या, काचा आणि कुणी न नेलेल्या तसबिरी असतात. दर रविवारी दुपारी तिथल्या टेबलाशी आम्ही चौघं खेळायला बसतो. मी सूत्रधार. समोर गुहा आहे की पूल आहे की राजाचं कोठार, ते मी सांगायचं. बाकीच्या तिघांनी आपलं पात्र काय करतं ते बोलायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. पात्राला अनुभव मिळाला की ते वर चढतं. नियमांच्या पुस्तकात त्याला लेव्हल म्हणतात. मी पायरी म्हणतो. शब्द माझा आहे आणि सगळ्यांच्या तोंडी बसला आहे.

तिघांपैकी एक माझा धाकटा भाऊ. घरं रंगवतो, दिवसभर शिडीवर असतो. पालोबा त्याचा, भिंतीवर पालीसारखा चढणारा चोर. दुसऱ्या बाई, शाळेत गणित शिकवतात, खेळात सेनापतीण आहेत. तिसरा औषधाच्या दुकानातला कंपाउंडर, तो खेळातही वैद्यच झाला आहे, एवढीच त्याची झेप. बाई आणि कंपाउंडर सातव्या पायरीवर आणि धाकटा नवव्या. का, तर तो असलं काहीतरी वेड्यासारखं करतो की हसता हसता त्याला गुण द्यावे लागतात. गुण देतो मीच, पण द्यावे लागतात.

तर आज मी विझवी आणली. काळ्या लुगड्यातली एक बाई, तिचा हात लागला की एक पायरी उतरते. फासा माझ्या पुठ्ठ्याच्या पडद्याआड पडला, सूत्रधाराचा फासा तिथेच पडतो. पालोबाला हात लागला. धाकट्याचं तोंड बघण्यासारखं होईल असं वाटलं होतं. तो खुर्चीवरून घसरून खाली बसला आणि म्हणाला, "दादा, शेवटी दाखवलीस ना मला माझी पायरी?"

कंपाउंडर खदाखदा हसला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. मी इतक्या मेहनतीने विझवीचं वर्णन केलं होतं, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

घरी येऊन नेहमीप्रमाणे ग्रुपवर निकाल टाकला. "पालोबाची नववी पायरी गेली."

रविवार, १७ मार्च

आठवी गेली, सातवी गेली. निकाल टाकला.

आज जरा वाजलं. पालोबाला छतावरून उलटं चालता यायचं, ते नवव्या पायरीचं कसब. धाकटा म्हणाला, "छतावरून जातो." मी म्हणालो, "येत नाही तुला."

"कालपर्यंत येत होतं की."

"पायरी गेली, कसब गेलं."

"अरे पण मला आठवतंय ना, कसं जायचं ते. हात इकडे, पाय तिकडे."

"तुला आठवत असेल. पालोबाला आठवत नाही."

"काय माणूस आहेस दादा," असं म्हणून तो हसायला लागला आणि दारानेच गेला. दाराशी पहारेकरी होते. त्यांना त्याने आपण रंगारी आहोत आणि दार ओलं आहे असं सांगून बाजूला केलं. मला पुन्हा गुण द्यावे लागले असते. नाही दिले.

मग बाईंनी सुचवलं, की गेलेली पायरी परत चढायला निम्माच अनुभव लागावा. "शाळेत मी रोज बघते. सुट्टीत मुलं पाढे विसरतात. पण परत शिकवले की निम्म्या वेळात येतात. आत कुठेतरी असतातच ना ते." कंपाउंडरचं म्हणणं, वैद्याच्या मंत्राने एका झटक्यात पायरी परत यावी, तापावर गोळी दिल्यासारखी. मी दोघांचं ऐकून घेतलं आणि बघू म्हणालो. मला पटलेलं नाही. गेलेलं इतकं सहज परत येणार असेल तर घालवण्यात अर्थ काय? बाई एरवी शांत असतात, धाकट्याची बाजू घ्यायची तर मात्र उदाहरणांसह तयार असतात.

त्या जाताना मी माझ्या हाताने फ्रेम केलेला छोटा आरसा दिला. "अहो कशाला," म्हणाल्या आणि पिशवीत टाकला. मग अर्धा जिना उतरल्यावर पुन्हा हसल्या. दार ओलं आहे, ते आठवून असणार.

रविवार, ३१ मार्च

पालोबा चौथ्यावर आला. सहावी आणि पाचवी आज एकाच झटापटीत गेल्या.

पायऱ्या परत देणारा एक झरा डोंगरात आहे असं मी मागच्या वेळी सांगितलं होतं, म्हणून तिघं तिथे धडपडत पोचले. झरा आटलेला होता. तळाशी विझवी बसली होती. कंपाउंडर म्हणाला, "हे जरा जास्तच होतंय." मी म्हणालो, डोंगरात पाऊस नाही त्याला मी काय करू?

आपला राग नेमका कशाचा, ते मला सांगता येत नाही. वडिलांनी जाताना दुकान मला दिलं आणि हसवणं त्याला. दुकान मी राखलं. पण कुठेही बघा, लग्नात, दवाखान्यात, मयताला, लोक खुर्ची ओढून त्याच्या बाजूला बसतात. आता पालोबा भिंतीवरून पडतो, कुत्रं मागे लागतं, साधा कडीकोयंडा उघडत नाही, आणि धाकटा हे सगळं उठून करून दाखवतो. त्याला खाली आणावं तर तो खालीच मांडी घालून बसतो आणि सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. चौथी काढली की बघू किती हसतो ते.

शुक्रवार, १९ एप्रिल

मधले दोन रविवार बुडाले, बाईंच्या परीक्षा होत्या.

आज काच घेऊन माळ्यावर जाताना जिन्याची चौथी पायरी पायाखाली करकरली आणि बसली. काच वाचली. सुताराला बोलावलं. त्याने खालून बॅटरी मारून पाहिलं. फळी खालच्या अंगाने सडली आहे, वरून काही दिसत नाही. म्हणाला, "सोमवारी नवी बसवतो. तोवर आडवी पट्टी ठोका, कुणी पाय देऊ नका."

पट्टी ठोकली तर वर जाता येत नाही, म्हणजे रविवार गेला. कागद चिकटवायला घेतला, पण दुकानात मोडक्या जिन्याची पाटी बघून गिऱ्हाईक नावं ठेवतं. मला ठाऊक आहे, मी ओलांडून जातो. बाकीच्यांना ग्रुपवर कळवीन.

शनिवार, २० एप्रिल

दुपारी कळवलं. "चौथी पायरी गेली आहे. उद्या जपून."

लगेच धाकट्याचं उत्तर. "खेळ व्हायच्या आधीच? आता घरबसल्या काढायला लागलास का दादा? घे बाबा, घे." पुढे हसणारी तोंडं. कंपाउंडरने अंगठा दाखवला. बाईंनी लिहिलं, "पालोबाला भावपूर्ण श्रद्धांजली."

ते काय समजले ते माझ्या ध्यानात आलं. "जिन्याची रे" एवढं लिहिलं होतं. मग पुसलं. दर वेळी मीच का समजावून सांगायचं? मी लिहिलं त्यात एक अक्षर खोटं नाही. शिवाय उद्या दारातच सांगता येईल.

रविवार, २१ एप्रिल

धाकटा पडला.

मी वर टेबल लावत होतो. तो वेळेच्या आधी आला, एरवी कधी येत नाही. खालून हाक आली, "दादा, आहेस का वर?" मी म्हणालो, "ये."

फळी मोडली आणि डावा पाय आत गेला. पाय तिथेच अडकला आणि बाकी सगळा तो मागे पडला. गुडघ्याचं जे झालं ते लिहीत नाही. त्याच्या दोन्ही हातांत खोका होता, म्हणून कठडा धरता आला नाही. मी खाली उतरेपर्यंत कंपाउंडर आला होता, त्यानेच पाय सोडवला. धाकटा माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "अरे, काल लिहिलं होतं ना मी."

संध्याकाळी इस्पितळातून येऊन खोका उघडला. पुठ्ठ्याचा किल्ला आहे. बुरूज, तट, एकेक दगड वेगळ्या रंगाचा, रंगाच्या उरलेल्या डब्यांतून केलेला. तटावर बोटाएवढी विझवी, काळ्या लुगड्यात. मी सांगितली होती अगदी तशीच, नाकात नथ नसलेली, एक डोळा बारीक. म्हणजे तो नीट ऐकत होता. खाली चिठ्ठी आहे, "दादाच्या बाईला राहायला."

बुधवार, २४ एप्रिल

ऑपरेशन झालं. सळ्या घातल्या.

धाकट्याची बायको बाकावर बसली होती. मला बघून म्हणाली, "भाऊजी, गुंगीत सारखे हसत होते. म्हणत होते, दादानं चौथी पण काढली." मी तिला ग्रुपवरचा निरोप दाखवला, आदल्या दिवशीचा, वेळेसकट. डॉक्टरांनाही दाखवला. ते म्हणाले, "हे मला कशाला दाखवता?" मी आधी सांगितलं होतं, ही गोष्ट कुणालाच महत्त्वाची वाटत नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

बाई आल्या होत्या. त्यांनाही फोन दाखवायला गेलो.

"मी वाचलाय तो," म्हणाल्या. "जिन्याची एवढं लिहायला हवं होतं."

"पायरीला पायरी नाही तर काय म्हणायचं?"

"आम्ही काय उत्तरं दिली ती तुम्ही पाहिली होती?"

"नाही. नेट नव्हतं."

त्यांनी स्वतःचा फोन काढला, आपल्या श्रद्धांजलीवर बोट दाबून कुणी कधी वाचलं ते पाहिलं, आणि फोन पर्समध्ये ठेवला. बाई तशा कमीच बोलतात.

सुताराने परवाच नवी फळी बसवली. सागवानी आहे. वर उभा राहून, उड्या मारून दाखवलं त्याने.

शनिवार, १८ मे

इस्पितळात खोटा जिना आहे, भिंतीला टेकवलेला, कुठेच न जाणारा. त्यावर व्यायामवाल्या मॅडम धाकट्याला चढवतात. आज मी होतो तेव्हा त्याने उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि डाव्याकडे बघत राहिला. डावा काही उचलेना. मॅडम म्हणाल्या, "आठवा, आधी कसे चढत होतात."

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मला आठवतंय रे दादा. पायाला आठवत नाही."

हसला नाही. मला वाटलं होतं, हसेल.

बाहेर आल्यावर मॅडमना विचारलं, की गेलेलं परत यायला निम्मा वेळ लागतो ना? म्हणाल्या, "छे हो. पहिल्यांदा शिकताना लागला त्याच्या दुप्पट धरा. आणि सगळं येईलच असं नाही." म्हणजे माझं बरोबर होतं. बाईंना हे कळवायला हवं होतं, पण त्या हल्ली माझा फोन उचलत नाहीत.

मंगळवार, ११ जून

डॉक्टरांनी सांगून टाकलं. काठी घेऊन चालेल, शिडी विसरा. धाकट्याच्या ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला आहे, ब्रश आणि शिडीसुद्धा त्यालाच दिली.

त्याची बायको दुकानात आली होती. पदराचं टोक पिळत उभी होती. मीच म्हणालो, की दुकान आहे ना आपलं, बसून करायचं काम आहे, येऊ दे त्याला. तिने माझ्या पाया पडायला वाकण्याआधीच मी तिला अडवलं. घरच्या माणसाने घरच्यासाठी एवढं करायचंच असतं. मन हलकं झालं.

संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन आनंदाची बातमी दिली. पालोबाच्या नवव्या पायरीपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या मी परत दिल्या, कसबांसकट, बिनशर्त. छतावरून चालता येईल आता. ज्या दिवशी तो जिना चढून माळ्यावर येईल त्या दिवशी तिथून पुढे खेळ सुरू.

त्याने काठी जवळ ओढली. म्हणाला, "ठेव तुझ्याकडेच."

सोमवार, १ जुलै

धाकटा आजपासून कामावर. त्याला चुका निवडायला दिल्या. चुका म्हणजे पट्टीला मारायचे बारीक खिळे. वर्षानुवर्षं एकाच बरणीत साठले आहेत, गंजलेले आणि चांगले. ते वेगळे करायचे. सोपं काम आहे, पहिल्या पायरीचं. ही थट्टा मी मोठ्याने केली. त्याने मान हलवली.

गिऱ्हाईकाने भाव विचारला तर त्याने सांगितलं, "मालकांना विचारतो." मला आधी कळेना, कोण मालक. मग कानाला गोड लागलं, खोटं कशाला बोलू?

गुरुवार, १८ जुलै

कंपाउंडर खोकल्याचं औषध द्यायला आला आणि बोलून गेला. रविवारी धाकट्याच्या घरी खेळ होतो. तळमजला आहे त्यांचा. बाई सूत्रधार आहेत. पालोबाने पहिल्या पायरीपासून सुरुवात केली, काठी घेऊन चालतो म्हणे. "असला हसवतो," म्हणाला आणि मग जीभ चावली.

मी विचारलं, "विझवी ठेवली आहे का?"

"आहे ना. पण बाई फासा सगळ्यांसमोर टाकतात."

मला कुणी बोलावलेलं नाही. बोलावलं असतं तरी गेलो नसतो. सूत्रधाराने दुसऱ्याच्या टेबलाशी बसून एकेक पायरी चढायची, हे बरं दिसत नाही. दुकानात मात्र धाकटा अजून एकदाही हसलेला नाही. म्हणजे शिल्लक आहे त्याच्याकडे, फक्त इथे आणत नाही.

शनिवार, २७ जुलै

त्याला एक खोड लागली आहे. कुणीही जिन्याकडे वळलं की मान वर न करता म्हणतो, "चौथी जपून." गिऱ्हाईक दचकतं. मोठ्या तसबिरी वर असतात, दिवसात चार-पाच जण तरी जातात, प्रत्येकाला तेच. मी समजावलं, की पायरी नवी आहे, हत्ती चढला तरी मोडणार नाही, लोकांना काय वाटेल? तो हो म्हणतो. पुढचा माणूस आला की पुन्हा, "ताई, चौथी जपून."

आज दुकानात नवरा-बायको लग्नाचा फोटो मढवायला आले होते. सोनेरी पट्टीचा नमुना आणायला मी जिन्याकडे निघालो. मागून आवाज आला.

"मालक, चौथी जपून."

मी वळलो. "नवी आहे ती. किती वेळा सांगायचं तुला?"

"हो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "पण आधी सांगितलेलं बरं. सांगितलं म्हणजे झालं."

ती दोघं बघत होती. म्हणून मी मुद्दाम चौथीवर दोन्ही पाय देऊन उभा राहणार होतो, सुतारासारखा. तिसरीपर्यंत नीट गेलो. मग पाय आपला आपण उचलला गेला आणि पाचवीवर पडला. एप्रिलपासून रोज असंच होतंय, पण आज कुणीतरी बघत होतं. कठडा धरून तिथेच थांबलो. मागे येता येईना. खाली नवरा-बायको काहीतरी कुजबुजली.

धाकट्याने वर पाहिलंसुद्धा नाही. तो बरणी मांडीत घेऊन एकेक चूक निवडत बसला होता.